लाडू राहिला

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि सत्तावीस-अठ्ठावीसचा एक मुलगा आत आला. सातव्या मजल्यावरचे काका भाजीची रिकामी पिशवी घेऊन आधीच उभे होते. मुलाच्या डोक्यावर मोठ्या मापाची कापडी टोपी होती, डोक्याला नीट न टेकणारी, भांड्यावर फडकं टाकावं तशी. मे महिना, लिफ्टचा पंखा बंद, घामाची धार कपाळावरून भुवईत उतरत होती. त्याने नकळत टोपी उचलली. डोकं पार भादरलेलं. काकांचा चेहरा एकदम उतरला, पिशवी या हातातून त्या हातात गेली आणि अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अरे, घरी कोणाचं काही...?" मुलगा जरासुद्धा अडखळला नाही. "छे छे काका, तिरुपतीला जाऊन आलो." "असं होय! घाबरवलंस की. मग लाडू कुठाय?" "देतो ना काका." तळमजला आला. काका हसत बाहेर पडले, मागोमाग मुलगा, आणि तो पाठमोरा झाल्यावर बाकीचं दिसलं. एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत खसखशीच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके. शेकड्यांनी.

तिरुपतीला असे ठिपके पडत नाहीत. ते हेअर ट्रान्सप्लांटचे, मागचे केस काढून पुढे लावल्याचे.

भादरलेल्या डोक्याला आपल्याकडे दोनच कारणं चालतात, सुतक नाहीतर नवस. मुंजीचं वय उलटलं की तिसरं कारण उरत नाही, आणि विचारणाराही या दोहोंपैकी एक मनात धरूनच विचारतो. त्या मुलाचं उत्तर इतकं पटकन आलं की ते घरूनच तयार करून आणलेलं असणार. दातांना तारा लावून लोक खुशाल हिंडतात. चष्म्याचा नंबर लेझरने घालवला की ऑफिसात पेढे वाटतात. डोक्यावरच्या केसांसाठी काही केलं, तर मात्र देवाचं नाव पुढे करावं लागतं. गंमत म्हणजे तिरुपतीला वाहिलेले केस देवस्थान लिलावाने विकतं आणि त्यातले कितीतरी पुढे कुणाच्या तरी टोपात, नाहीतर गंगावनात जाऊन बसतात. म्हणजे थाप होती, पण विषयाला अगदीच सोडून नव्हती.

या सगळ्याची सुरुवात कधी झाली ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. कानशिलांच्या वरचे दोन कोपरे आधी मागे सरकतात. मधला तुरा बराच काळ जागेवर राहतो आणि म्हणूनच समोरून आरशात बघणाऱ्याला सगळं ठीक वाटत असतं. कळतं ते भलत्याच ठिकाणी. लिफ्टमधला दिवा डोक्यावरून पडतो आणि विरळ केसांतून थेट कातडीपर्यंत जातो. आंघोळीनंतर ओले केस एकमेकांना चिकटतात आणि मधल्या वाटा उघड्या पडतात. लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी वरून फोटो काढतो आणि त्यात भोवरा रुपयाएवढा न दिसता पुरीएवढा दिसतो. सलूनवाल्याच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलेलं असतं. तो बोलत नाही. "पुढून जरा लांब ठेवतो," एवढंच म्हणतो. मागे आरसा धरून दाखवताना तो आरसा जरा खालीच धरतो, मान दिसेल आणि भोवरा दिसणार नाही असा. हा त्या व्यवसायातला सभ्यपणा कुठल्या अभ्यासक्रमात नाही. डोळ्यांना विरळपणा जाणवेपर्यंत त्या जागेवरचे जवळजवळ निम्मे केस गेलेले असतात, त्यामुळे "गेल्या दोन महिन्यांत अचानक झालं" असं सांगणारा खोटं बोलत नसला, तरी उशिरा जागा झालेला असतो.

मग घरात आजोळाकडे बोट दाखवलं जातं. मामाचं डोकं बघ म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण बाकीची बरीच जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे मामाचं रान दाट असूनही भाच्याचं पटांगण होऊ शकतं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांची वृषणं काढली गेली होती त्या पुरुषांना टक्कल पडलं नव्हतं, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे वंश आणि हार्मोन, दोन्ही लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) हे दुसरं हार्मोन तयार होतं आणि माथ्यावरची, कपाळालगतची काही मुळं त्याच्यापुढे हळूहळू मान टाकतात. केस उपटल्यासारखा एका दिवसात जात नाही. दर फेरीला तो जरा बारीक, जरा आखूड, जरा फिका उगवतो आणि शेवटी तिथे नुसती लव उरते. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांनी माणूस घाबरतो. पण रोज पन्नास-शंभर केस सगळ्यांचेच जातात. बघायचं ते गळालेल्याकडे नाही, त्याच्या जागी काय उगवतंय त्याकडे.

तेलाचं काय, हा प्रश्न येतोच. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेलं तेल केसाला वंगण देतं, तुटणं कमी करतं, आईच्या हातून लावलं तर झोपही छान लागते. डीएचटीपुढे त्याचं काही चालत नाही. कांद्याचा रस चोळून घरभर वास करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तो चिकाटीबद्दल. आणि चाई हा वेगळाच आजार. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते आणि नाण्यासारखे गोल तुळतुळीत चट्टे पडतात. चाई चालू असताना तिथे केस लावले तर तेही जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी निदान, मग बाकीचं. हे इतकं साधं आहे, तरी निम्मे लोक थेट केस लावण्याचा भाव विचारायला जातात.

खरं नवल मानेच्या वरच्या भागाचं आहे. सत्तरीतला, माथा आरशासारखा झालेला माणूस बघा. दोन्ही कानांवरून मागे जाणारी केसांची झालर त्याच्याकडे शाबूत असते. त्या पट्ट्यातल्या मुळांना डीएचटी फारसं बाधत नाही. जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ मध्येच केसांसकट कातडीचे छोटे गोल तुकडे काढून भाजलेल्या, व्रण पडलेल्या जागी लावले होते, पण तो लेख जपानीत होता, पुढे युद्ध आलं, आणि पश्चिमेला त्याचा पत्ता लागला नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्रीच यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये छापून आणला. मागचं मूळ पुढे लावलं तरी ते मागच्यासारखंच वागतं आणि पुढचं मूळ मागे नेलं तरी ते मरायचं ते मरतंच. केस गाव बदलतो, स्वभाव बदलत नाही. सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

आणि इथेच मेखही आहे. नवा केस कुणीच तयार करत नाही. मागच्या ठेवीतून काढून पुढे भरायचं, एवढंच. मुळं एकेकटी नसतात, एक ते चार केसांच्या जुडग्यात असतात, त्या जुडग्यालाच ग्राफ्ट म्हणतात. सरासरीने एका ग्राफ्टमध्ये दोनाहून थोडे जास्त केस. कपाळालगतची ५० चौरस सेंटिमीटर जागा भरायची असेल आणि दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे असतील तर २,००० ग्राफ्ट लागले. निसर्गाने तिथे याच्या दुपटीच्या आसपास दिलेले होते. पण निम्म्यात डोळा फसतो. बहुतेकांच्या मागच्या ठेवीत आयुष्यभरात मिळून पाच-सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट निघतात, काहींचे त्याहून बरेच कमी. पंचविशीत हाव करून एकदम तीन-साडेतीन हजार पुढे ओतले, आणि चाळिशीत भोवरा उघडा पडला, तर द्यायला काय उरलं? त्याहून वाईट म्हणजे लावलेली पुढची ओळ टिकते आणि तिच्या मागचे मूळचे केस जात राहतात. समुद्रात बेट उरावं तशी केसांची एक पट्टी कपाळावर आणि मागे मोकळं रान. म्हणून शहाणा डॉक्टर बावीस वर्षांच्या मुलाला औषध देऊन परत पाठवतो, आणि तो मुलगा चिडून दुसरीकडे जातो.

कपाळावरच्या केसांची नवी रेषा आखायची ती पेन्सिलीने, रुग्णाला बसवून, समोरून. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून वर सात ते नऊ सेंटिमीटरच्या दरम्यान मधला बिंदू येतो. प्रत्येक जण तो खाली ओढायला सांगतो. शाळेतला फोटो मोबाइलमध्ये घेऊनच आलेला असतो. पण चाळिशीतल्या पुरुषाच्या कपाळाला कोपरे असतात, ते बुजवले की चेहरा बावळट दिसतो, आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ लांबूनही कळते. चांगली रेषा किंचित वाकडीतिकडी असते, कुठे दोन केस पुढे, कुठे एक मागे. पुढच्या एक-दोन ओळींत फक्त एकेकट्या केसाचे ग्राफ्ट, मग दोनांचे, मग तीनाचे. जुन्या काळी चार मिलिमीटरच्या गोल तुकड्यांत पंधरा-वीस केस एकत्र लावत आणि माणूस बाहुलीसारखा दिसे. त्या काळाची दहशत अजून लोकांच्या मनात आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी भरपेट नाश्ता करायला सांगतात, पुढून बटणाचा शर्ट घालायला सांगतात, कारण संध्याकाळी गळ्यातून काढता येत नाही. डोकं एक मिलिमीटरवर उतरवलं की पालथं झोपवून मागे भूल. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं, त्याने रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. पहिल्या आठ-दहा टोचण्या झणझणतात, कपाळावरच्या तर डोळ्यांत पाणी आणतात, पुढे डोकं लाकडाचं होतं. मग पाऊण ते एक मिलिमीटर व्यासाचा फिरता पंच, म्हणजे पोकळ गोल पातं, प्रत्येक जुडग्याभोवती गोल कापत जातो. दुखत नाही, पण कवटीतून खरखर ऐकू येते, आणि ती ऐकत दोन-तीन तास पालथं पडणं हाच खरा त्रास. कातडीवर केस ज्या कोनात दिसतो, आत मूळ त्याच कोनात असेल असं नाही. पंच जरा चुकला की मूळ आतच तुटतं आणि तो ग्राफ्ट वाया. शेजारी शेजारी काढायचे नाहीत, विखरून काढायचे, नाहीतर मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं. दुसऱ्या पद्धतीत मागची एक लांब पट्टीच कापून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ग्राफ्ट करतात. त्यात मुळं कमी तुटतात, पण मागे रेघेसारखा व्रण राहतो, केस बारीक ठेवणाऱ्याला तो नको असतो.

काढलेले ग्राफ्ट थंड सलाईनमध्ये रांगेने ठेवलेले बघितले तर ते मोडाच्या धान्यासारखे दिसतात. वर काळं टोक, खाली पांढुरका फुगीर कोंब. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू वारा. हातमोज्याच्या बोटावर पाच-दहा मिनिटं कोरडा राहिला तरी ग्राफ्ट दगावू शकतो, आणि तो दगावलाय हे चार महिन्यांनी कळतं, त्याआधी नाही. चिमट्याने मुळाला धरलं तरी तेच. धरायचं ते वरच्या चरबीच्या पदराला. पुढे भोकं पाडताना पात्याचा कोन कपाळाशी जवळजवळ आडवा, आणि कानशिलाशी तर केस कातडीला चिकटून खाली जायला हवेत. तिथे उभे लावले की आयुष्यभर जेल लावत बसा. फार दाट भोकं पाडली, त्यात रुग्ण सिगारेटवाला असला, तर कातडीचा रक्तपुरवठाच कमी पडून तिथे जखम काळी पडू शकते. हे सगळं नीट करायला दोन-सव्वादोन हजार ग्राफ्टला सहा-आठ तास जातात. म्हणून एकाच डॉक्टरच्या नावावर एका दिवशी चार माणसं टेबलावर असतील, तर पंच कुणाच्या हातात आहे हे विचारायला हरकत नसावी.

नेमकं तेच विचारलं जात नाही, कारण गुपचूप करायचं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून हे शिकल्याचं मानता येणार नाही, शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ते करावं. तरी लोक घराबाहेर पडताना बायकोलाही न सांगता, 'ग्राफ्टमागे इतके' या एका आकड्यावर ठरवून येतात. त्या आकड्यातही खोच असते. तीन केसांचं एक जुडगं चिरून तीन ग्राफ्ट मोजले, तर केस तेवढेच आणि बिल तिप्पट. हिशेब केसांचा मागावा, किती ग्राफ्ट एकाचे, किती दोनाचे, किती तीनाचे. सरकारने तर या सगळ्याला उपचारच मानलेलं नाही; आरोग्यसेवेला जीएसटीची जी माफी आहे, तिच्यातून हेअर ट्रान्सप्लांट नाव घेऊन वगळलेलं आहे. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तर वेगळं.

घरी आल्यावरचे दिवस खरे लांब. पहिल्या रात्री पाठीशी तीन उशा, अर्धं बसून झोपायचं. दर तासाभराने सलाईनचा फवारा, बोट लावायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळातली सूज डोळ्यांवर उतरते, माणूस मारामारी करून आल्यासारखा दिसतो आणि आपली कुठली तरी नस गेली असं समजून घाबरतो. दोन दिवसांत ती उतरते. मग मगमध्ये पाणी घेऊन, हलक्या फेसाने, थोपटत धुणं. थेट शॉवर नको. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का रुजतो, मग केस ओढला तरी मूळ निघत नाही. तेवढे दिवस उलटले असतील, तर लिफ्टमधल्या त्या मुलाला टोपी नीट घालायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पण हे कळणं वेगळं आणि हात धजावणं वेगळं. हेल्मेट मात्र आणखी काही दिवस लांब ठेवलेलं बरं, ते काढताना घासतं.

आणि मग, सगळ्या खपल्या पडून, केस चार-पाच मिलिमीटर वाढून, जरा बरं दिसायला लागतं न लागतं तोच ते गळायला लागतात.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत लावलेले बहुतेक केस पडून जातात. मूळ आत असतं, धक्क्याने ते झोपी गेलेलं असतं. कोकणात भाताचा तरवा उपटून चिखलात लावला की आधी तो पिवळा पडून मान टाकतो, नवख्याला वाटतं गेलं पीक, तसंच. फक्त भात आठ-पंधरा दिवसांत सावरतो आणि इथे तीन-चार महिने उघडं कपाळ बघत बसायचं असतं, तेही पैसे भरून. कधीकधी आजूबाजूचे मूळचे केसही धक्क्याने जातात आणि माणूस आधीपेक्षा टकला दिसतो. चौथ्या महिन्यात बारीक, कुरळे, रागावल्यासारखे केस उगवतात, मध्येच पुटकुळ्या येतात, सहाव्यात निम्मं चित्र, बाराव्यात बहुतेक सगळं, भोवऱ्याला दीड वर्ष. लग्न तीन महिन्यांवर आलं म्हणून धावत येणाऱ्याला हे कॅलेंडर दाखवलं की तो गप्प होतो. मुहूर्ताच्या दिवशी तो नेमका सगळ्यात वाईट अवस्थेत असणार असतो. फेटा असतो म्हणा.

औषधं सुटत नाहीत ती नाहीतच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगभर केस वाढले तेव्हा ती डोक्याला लावायचं सुचलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पाच टक्क्यांचं, एक मिलि, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या कातडीवर. केसांना नव्हे, कातडीला. पहिले काही आठवडे गळती वाढते, तिथेच अर्धे लोक बाटली फेकतात. घरात मांजर असेल तर मात्र जपा, चाटलं तर तिला ते विष आहे. फिनास्टराइड हे दुसरं औषध वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी आलं, १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी. ती डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरवते. थोड्यांना कामेच्छा कमी होण्याचा, मन उदास होण्याचा त्रास होतो. तो डॉक्टरला सांगायचा असतो, आणि संकोचाने तोही सांगितला जात नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घेणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीचा आकडा या गोळीने निम्म्यावर येतो, हेही पन्नाशीतल्या माणसाने लक्षात ठेवावं. दोन्ही बंद केली की राखलेले केस काही महिन्यांत जातात. मागून आणून लावलेले राहतात, मधले जातात. पुन्हा तेच बेट.

पाऊस येऊन गेला, गणपती झाले. सप्टेंबरअखेरीस एका संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तो मुलगा आत एकटाच होता, आरशाला नाक लावून. मान खाली, डोळे वर, दोन्ही हातांच्या बोटांनी कानशिलावरचे केस बाजूला करून त्या वरून पडणाऱ्या दुष्ट दिव्यात काहीतरी शोधत होता. तिथे उदबत्तीच्या काडीवरच्या धुरासारखं काहीतरी विरळ, वाकडंतिकडं उगवलेलं होतं. लांबून दिसलं नसतं. मागे काका चढले, तसा तो झटकन सरळ झाला, केस सारखे केले. काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"वाढले की रे केस."

"हो काका."

"लाडू मात्र राहिला."